बांगड्यांच्या पेटीतली राजघराणी

युरोपातली जेवढी म्हणून राजघराणी अजून शाबूत आहेत, तेवढी सगळी मालवणात माझ्या पडवीत, बांगड्यांच्या पेटीत राहतात. पेटी निळी, जाड प्लास्टिकची, घट्ट झाकणाची. बंदरावर बर्फ घालून मासे भरतात तसली. समुद्राच्या हवेत कागद टिकवणं म्हणजे काय असतं ते घाटावरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्याकडे लग्नाची पत्रिका लग्नाच्या आधी लिबलिबीत होते. लाकडी कपाटात ठेवून बघितलं, तर वाळवीने एका राजपुत्राची सही खाल्ली आणि खालची सेक्रेटरीची तशीच ठेवली. वाळवीलाही चव असते. पत्र्याच्या ट्रंकेत ठेवून बघितलं, तर एका महाराणीच्या पांढऱ्याशुभ्र पत्राला गंजाची तांबडी किनार आली. शेवटी ही पेटी आणली. राखेने घासली, कोकमाच्या पाण्याने धुतली, उन्हात तापवली, आत कापूर टाकला. पण बांगडा तो बांगडा. आजही कुठल्याही राजाचं पाकीट नाकाजवळ नेलं की आधी बांगड्याचं तिखलं, म्हणजे आमचं तिखट कालवण, आठवतं आणि मग त्याचं राज्य.

माझा धंदा होड्यांवर नावं रंगवायचा. मालवणपासून आचऱ्यापर्यंत पाण्यावर जी अक्षरं डुलताना दिसतात त्यांतली बरीचशी माझी. मी नाव रंगवलेली होडी कधी रिकामी परतली नाही. परतली असं कोणी सांगितलंच, तर ती दुसऱ्या कोणीतरी रंगवलेली होती असं समजावं. अक्षर वळवता वळवता माझ्या मनगटाला एक खोड लागली: कोणाचंही अक्षर दिसलं की ते काढणारा हात दिसायला लागतो. डॉक्टराच्या चिठ्ठीत मला त्याची घाई दिसते, तलाठ्याच्या सहीत त्याचं जेवण.

राजांचा नाद लागला तो एका परदेशी बाईमुळे. ती इथे पाण्याखाली बुड्या मारायला आली होती. धक्क्यावर माझं काम बघत उभी राहिली आणि एका फळीवर स्वतःचं नाव रंगवून मागितलं. मी रंगवलं, वर तिला न विचारता एक पापलेटही काढलं. ती एवढी खूश झाली की पाकिटातून तिच्या देशाच्या राजाचा फोटो काढून तिने मला दिला. खाली राजाची सही. मी ते कार्ड घेऊन सगळ्या मासळी बाजारातून फिरलो. सुरमई कापणाऱ्या बाईने सुरी खाली ठेवली आणि पदराला हात पुसून सही बघितली. त्या दिवशी मी ठरवलं की एका राजावर थांबायचं नाही.

पत्रं बायको लिहायची. ती शाळेत इंग्रजी शिकवायची, त्यामुळे राजेलोकांशी बोलायचं वळण तिला होतं. मी सांगायचो, ती लिहायची. मी सांगितलेलं निम्मं ती लिहायची नाही, म्हणून उत्तरं यायची. जाड पाकिटं, अंगठ्याला लागेल असा उठावाचा मुकुट, आत फोटो आणि सेक्रेटरीची दोन ओळींची नम्रता. आमच्या पोस्टमनची सायकल जाऊन मोटारसायकल आली ती माझ्या पत्रव्यवहारामुळे, असं मी पोस्टमनला पटवून दिलंय.

मग एका दुपारी एकाच राणीची दोन कार्डं हातात आली. सहज म्हणून मी ती एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावली. मागून समुद्राचा उजेड येत होता. दोन्ही सह्या एकमेकींत अशा बुडाल्या की एक उरली. रेषेवर रेष, वळणावर वळण. माणसाचा हात असं करत नाही. मी जन्मभर एकच नाव दोन बाजूंना रंगवत आलोय, डावी बाजू उजवीसारखी कधी झाली नाही. म्हणजे राणीने सही केलीच नव्हती, यंत्राने केली होती. मग भिंग घेऊन बसलो, तर बाकीचे सगळे ठिपक्या-ठिपक्यांनी छापलेले निघाले. माझ्या पेटीत राजे होते, पण एकाचाही हात नव्हता.

हे मी कोणाला सांगितलं नाही. बायकोला कळलं, पण तिला सगळंच कळतं.

आणि खरं म्हणजे माझं काही अडलंही नाही. दुपारी जेवून पडवीत आडवा झालो की मी पेटीचं झाकण किलकिलं करायचो. उन्हाने माड पेंगायला लागायचे, समुद्र लांब जाऊन बसायचा, आणि राजे एकेक करून बाहेर यायचे. कोणाच्या अंगावर पदकं, कोणाच्या खांद्यावर केसाळ कातडी. मी त्यांना घेऊन किनाऱ्यावर जायचो. रापण ओढायची वेळ झालेली असायची. रापण म्हणजे ते लांबलचक जाळं, सगळा गाव दोराला लागतो तेव्हा कुठे वाळूवर येतं. राजे बाह्या दुमडायचे. उत्तरेकडचा एक उंच राजा दोराला लागला की बाकीच्यांना जोर यायचा. एका राणीने छत्री वाळूत खोचून बांगडे एका बाजूला, तारली दुसऱ्या बाजूला अशी वाटणी सुरू केलेली मी स्वतः पाहिलीय. सगळ्यांच्या पावलांचे ठसे ओल्या वाळूत उमटायचे आणि लाट येऊन ते सारखे करून जायची. जाग आली की गालावर चटईची नक्षी आणि हवेत कापूर.

असे दिवस चालले असते. पण काकांचा आवाज बसला.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे चुलतभाऊ. आमच्या गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान त्यांचा. देवासमोर उभं राहून साऱ्या गावाच्या वतीने मोठ्याने मागायचं, आणि प्रत्येक मागण्यामागे लोकांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं. काकांनी ‘बा देवा म्हाराजा’ म्हटलं की खाडीपलीकडच्या बायका आपापल्या चुलीपाशी बसून ‘व्हय म्हाराजा’ म्हणायच्या. कुडाळ स्टेशनात थांबलेली एक मालगाडी त्यांच्या आवाजाने सुटली होती असं मी सांगतो, पण त्याची खात्री देत नाही. गावात कोणाचा रेडा हरवला तरी देवाआधी काकांकडे जायचे, कारण देवाला ऐकू जायचं ते काकांच्या घशातून.

तो घसा आधी खरखरला, मग फाटला. गोव्याच्या मोठ्या इस्पितळात नेऊन दाखवलं. आत गाठ होती. डॉक्टर भला माणूस. त्याने आडपडदा ठेवला नाही. बोलायचं यंत्रच काढावं लागेल, म्हणाला. काढलं तर माणूस राहील, आवाज राहणार नाही. नाही काढलं तर दोन्ही जातील. पावसाच्या आत काय ते ठरवा.

काकांनी ठरवलंच होतं. संध्याकाळी आमच्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, येऊन बसले आणि म्हणाले, “मी काय जातंय नाय. आवाज काढल्यार मागे काय रवतला? धोतर?”

“काका, असा बोला नको,” बायको म्हणाली. “बोलाक येणा नाय तर लिवा. पाटयेर लिवा, कागदार लिवा. माणसां लिवनसुद्धा बोलतत.”

“लिवलेल्यात माणूस नसता गो बाये. माणूस आवाजात आसता.”

“नसता कसो? ह्यांचे राजे बघा. हजारो मैलांवरसून बोलतत.”

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची नजर आवाजापेक्षा दणकट होती. “खरा सांग रे मेल्या. पेटीभर राजे जमवलंस. एकान तरी आपल्या हातान लिवल्यान?”

“व्हय तर!” मी म्हटलं.

“देवाशप्पत?”

मी समोरच्या माडावरचे नारळ मोजायला लागलो. तेवढं पुरलं.

“बघलंस?” काका बायकोला म्हणाले. “सगळे छापलेले. मी जन्मभर देवाक गाऱ्हाणा घातलंय. देवान कौल दिल्यान, पण लिवन कधी दिल्यान नाय. देवाकसुद्धा ठावक आसा.” मग जरा थांबून, घसा धरून म्हणाले, “बरा, एक काम कर. एक दाखव. राजा असो, राणी असो. कागद हातात धरल्यार माका समाजला व्हया, की हय कोणतरी बसलो होतो. तसा झाला तर मी जातंय गोव्याक. काढून टाकू देत.”

आयुष्यात माझ्यावर कोणी जबाबदारी म्हणून टाकली नव्हती. होड्या रंगवणाऱ्या थापाड्याकडे गावाने एवढंच मागितलं होतं की शिमग्यात गप्प बसू नको. आणि आता काका जगायचे की नाही ते माझ्या बांगड्यांच्या पेटीवर येऊन ठेपलं.

आम्हा सह्या जमवणाऱ्यांचा मोबाइलवर एक घोळका आहे. कुठला राजा उत्तर देतो, कुठला देत नाही, याच्या तिथे दिवसभर चर्चा चालतात. मी विचारलं, स्वतःच्या हाताने कोण लिहितं? बहुतेकांनी हसणाऱ्या बाहुल्या पाठवल्या. बेळगावच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने मात्र सांगितलं, उत्तरेकडच्या अमुक एका देशाच्या राजाची आत्या आहे. वय झालंय, कुत्री घेऊन एका बाजूच्या वाड्यात राहते. मनात आलं तर स्वतः लिहिते. नाही आलं तर नाही.

“आत्या?” काका म्हणाले. “मगे लिवतली. आत्येक कोण लिवत नाय.”

पत्र काकांनीच सांगितलं. आमच्या पडवीत, गुडघे जोडून, हात जोडून, जसे देवळात उभे राहतात तसे उभे राहून. बायको टेबलाशी कागद घेऊन, मी मागे.

“बाये म्हाराजा,” काकांनी सुरुवात केली. आवाज फाटका, पण लय तीच. “आज मालवणसून एक लेकरू तुझ्या दारात उभा रवला आसा.”

“लेकराचा वय लिवू?” बायकोने विचारलं.

“वय कित्याक? देवळात कोण विचारता? लिव. तुझी गुरांढोरां, तुझी शेती, तुझे माड, सगळा बरा रवांदे.”

“काका, थंय माड नसत.”

“मगे काय आसा?”

“बर्फ.”

काका विचारात पडले. बर्फासाठी काय मागायचं याचा अनुभव आमच्या देवळात कोणालाच नव्हता. मग त्यांनी मान वर केली. “तुझ्या बर्फाक कोणाची दृष्ट लागा नये!”

“व्हय म्हाराजा!” माझ्या तोंडून गेलंच.

“तुझ्या कुत्र्यांच्या मागे बिबटो लागा नये!”

“व्हय म्हाराजा!”

“तुझो भाचो राजा आसा, तेका बरी बुद्धी दी. तेच्या दरबारात कोण तुझा वायट चिंतता आसात, तर तेचा तोंड बंद कर!”

“व्हय म्हाराजा!”

“ह्या सगळा मी इंग्रजीत कसा घालू?” बायको कळवळून म्हणाली. पण घातलं तिने. ‘मे नो एव्हिल आय फॉल अपॉन युवर स्नो’ हे वाक्य मी तिच्या हातून उतरताना पाहिलं, आणि माझ्या ‘व्हय म्हाराजा’साठी तिने प्रत्येक ठिकाणी एक नवी ओळ सोडली. “काका, तुमच्या ऑपरेशनचा लिवू?”

“अजिबात नाय. दुखणा सांगितल्यार ती दयेन लिवतली. दयेन लिवल्यार बाई कशी दिसतली? दयाच दिसतली. एवढाच लिव: तुझ्या हातान दोन वळी लिव. शिपायाच्या नको, यंत्राच्या नको. लिवताना बोटां दुखली तर तेचा देव बघून घेतलो.”

पत्र गेलं. आणि मग आंबे यायला लागले.

त्या दिवसांत काका रोज पोस्टमनच्या वेळेला आमच्या पडवीत येऊन बसायचे. माझ्यावर विश्वास नव्हता, म्हणून पाकीट आपल्याच हातात घ्यायचं असं त्यांनी पोस्टमनला बजावून ठेवलं होतं. त्यांचा आवाज सकाळी असायचा, दुपारी त्याला ओहोटी लागायची. संध्याकाळी नुसता ओठांचा ओला आवाज. गोव्याहून फोन यायचे, काका हाताने ‘नाय’ म्हणायचे. मी त्यांच्या शेजारी चटईवर पडून डोळे मिटायचो. माझे राजे आता रापण ओढायला येत नव्हते. त्यांच्याऐवजी एक म्हातारी बाई यायची. बर्फातून चालत, मागे दोन कुत्री. बर्फ आमच्या वाळूसारखाच पांढरा होता, आणि ती कुठेतरी बसायला जागा शोधत होती. मी तिला म्हणायचो, बाये, बस, आणि ती ऐकायची नाही. लांब जायची, लहान व्हायची, आणि एका माडाच्या सावलीत मिसळून जायची. कधी कधी माडावर बर्फ पडलेला असायचा. हे खोटं नाही, स्वप्नात मी थापा मारत नाही.

फणस पिकायला आले आणि पाकीट आलं.

सायीच्या रंगाचं, लहानसं. काकांनी ते पोस्टमनच्या हातून घेतलं, कपाळाला लावलं आणि बायकोला फोडायला दिलं. आत एक कार्ड. निळी शाई. दोन ओळी आणि खाली सही. बायकोने वाचून अर्थ सांगितला: आपल्या प्रेमळ पत्राबद्दल मनापासून आभार. आपणा सर्वांना माझ्या शुभेच्छा.

मी कार्ड उजेडात धरलं आणि माझ्या मनगटाने ते वाचलं. पहिल्या शब्दाला शाई दाट होती, ओळ संपताना फिकी झाली होती, पुढच्या ओळीला पुन्हा दाट. एका अक्षराची शेपटी खाली जाताना किंचित थरथरली होती. तिथे तिने हात उचलला होता, थांबली होती, बहुतेक कुत्र्याने मध्येच काहीतरी केलं असावं. आणि मग सही, घाईने नव्हे, सवयीने. मला ती खुर्चीत बसलेली दिसली. मी ओरडलो, “हातचा आसा! काका, हातचा!”

“कोण म्हणता?”

“मी म्हणतंय!”

“मगे संशय आसा,” काका म्हणाले.

यात त्यांची चूक नव्हती. मी गावाला काय काय सांगितलं होतं! देवमासा धक्क्याला लागून माझ्याकडून शेपटीवर नाव रंगवून घेऊन गेला, हे मीच सांगितलं होतं. सत्तर टक्के लोकांनी ऐकलं आणि तीस टक्क्यांनी नाव विचारलं.

मी बायकोकडे बघितलं. ती कधी खोटं बोलत नाही, हा आमच्या संसारातला मोठाच दोष. “माका सांगूक येणा नाय,” ती हळूच म्हणाली. “हल्ली थरथरसुद्धा छापतत. आणि ह्यात मालवणाचा नाव नाय, आपल्या बर्फाचा काय नाय. ही दोन वाक्यां कोणाकय चलतीत.” बोलून झाल्यावर तिचे डोळे भरले. पण बोलून झालं होतं.

काकांनी कार्ड हातात घेतलं, उलटंपालटं केलं, डोळ्यांजवळ नेलं. “माका काय दिसणा नाय,” म्हणाले. मला वाटलं, संपलं. गोवा संपला. पण ते उठले. “देवाक विचारूया. देव तुझ्यासारखो फटयो नाय.” फटयो म्हणजे थापाड्या.

कौल लावायचं ठरलं. आमच्याकडे गाव अडलं की देवाला कौल लावतात. गुरव फुलाच्या पाकळ्या पाण्यात भिजवून देवाच्या पाषाणावर उजवीकडे नि डावीकडे चिकटवतो. उजवी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. शेतं, लग्नं, भांडणं, सगळी यावर सुटलेली आहेत. परदेशी बाईची शाई खरी की छापील, हे मात्र देवाला पहिल्यांदाच विचारलं जाणार होतं.

मी आदल्या दिवशी गुरवाच्या घरी जाऊन आलो. एक चांगला हलवा घेऊन गेलो होतो. मिठाई नव्हे, मासा.

“उजवी पाकळी जरा सैल लाव,” मी म्हटलं.

“देवाक शिकवतंस?”

“देवाक नाय रे, पाकळयेक.”

गुरवाने हलवा ठेवून घेतला आणि मला हाकललं.

सकाळी देवळात आम्ही चौघेच. दगडी फरशी गार, गाभाऱ्यात तेलाचा उजेड, बाहेर कोकिळेचा गळा मात्र अगदी ठणठणीत. कार्ड प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचं मी म्हटलं, तर काका भडकले. “देवासमोर पिशवी? ज्येचा विचारतंय ता देवाक दिसाक नको?” त्यांनी कार्ड उघडंच देवाच्या पायाशी ठेवलं, गुरवाने पाकळ्या लावल्या, आणि काका गाऱ्हाण्याला उभे राहिले.

त्या दिवशीचा त्यांचा आवाज कसा होता ते मी मोठं करून सांगू शकत नाही. सुपात तांदूळ हलवल्यासारखा होता. तेवढ्यानेही देवळातली हवा सरळ उभी राहिली. “बा म्हाराजा, ह्या कागदात बाई आसा काय नाय, एवढाच सांग. आसा तर मी जातंय. नाय तर मी हय बरो आसंय.”

“व्हय म्हाराजा,” आम्ही तिघांनी म्हटलं, आणि माझ्या बायकोचा आवाज सगळ्यांत मोठा होता.

पाकळ्या हलल्या नाहीत. दिव्याची वात वाकली, सरळ झाली. मला वाटलं आम्ही पाण्याखाली उभे आहोत आणि वरून कुठूनतरी उन्हाच्या पट्ट्या खाली येताहेत. पाषाणाच्या काळ्या अंगावर दोन लाल पाकळ्या, दोन्ही बाजूंना, कान असावेत तशा. देव ऐकत होता, पण बोलत नव्हता. किती वेळ गेला माहीत नाही. गुरवाने तांब्यातून वर थोडं पाणी सोडलं.

दोन्ही पाकळ्या एकदम पडल्या.

गुरव छपराकडे बघायला लागला. असं कधी झालं नव्हतं. मग पुढे कधीतरी त्याने मला सांगितलं, की उजवी सैल लावावी असं त्याच्याही मनात आलं, पण अन्याय नको म्हणून त्याने डावीही सैल लावली.

त्या क्षणी मी छपराकडे बघत नव्हतो. मी खाली बघत होतो. पाकळ्या पाण्यासकट कार्डावर पडल्या होत्या, आणि राजाची आत्या पाण्यात उतरत होती. आधी ती थरथरलेली शेपटी सुटली, तिच्यातून निळा धूर निघाला. मग शुभेच्छा विरघळल्या. सही शेवटपर्यंत तग धरून होती, मग तीही सैल झाली आणि पाषाणाच्या पायापर्यंत निळा ओहळ गेला. मी किंचाळून पुढे झेपावलो. माझ्या पेटीतला एकुलता एक खरा हात!

काकांनी माझं मनगट धरलं. “थांब.”

ते वाकले. बोट निळ्यात बुडवलं, वर केलं, अंगठ्यावर चोळलं. बोट निळं झालं, अंगठा निळा झाला. “छापलेला आसता तर असा सुटला असता?”

“नाय,” मी म्हटलं. “छापलेली शाई पाण्याक हलत नाय. ही दौतीची आसा, यंत्र दौतीत टाक बुडवणा नाय. ओली शाई, हातान लिवलेली.”

आणि जन्मात पहिल्यांदा कोणी मला ‘कशावरून?’ असं विचारलं नाही. काका कितीतरी वेळ आपलं बोट बघत राहिले.

“बाई बसली होती हय,” ते म्हणाले. “हात टेकून बसली होती.” आणि गुरवाकडे वळून, “गाडी सांग रे.”

सह्या जमवणाऱ्यांच्या घोळक्यात मी झालं ते कळवलं. कौल लावायला ओल्या पाकळ्यांखाली शाईचं कार्ड ठेवणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नव्हता. बेळगावच्या गृहस्थाने तर माझ्याशी बोलणंच टाकलं. मी मोबाइल खिशात टाकला. तेव्हा आम्ही गोव्याच्या वाटेवर होतो.

काकांनी हमरस्ता सोडून खाडीकाठच्या आरोंद्यावरूनच जायचं असा हट्ट धरला, वेळ लागला तरी चालेल. आणि ते वाटभर बोलले. अख्खी वाट. दम लागला तरी बोलले, आवाज गेला तरी ओठ हलवत बोलले, परत आला की मागचं पुन्हा बोलले. झाडांची नावं घेतली, कोणाचं घर कोणाला दिलं ते सांगितलं, ड्रायव्हरला हळू चालव म्हणून सुनावलं आणि मग जोरात चालव म्हणून सुनावलं. खाडीवरच्या पुलावर गाडी थांबवायला लावली. भरती लागली होती, पाण्यावर कांदळवनाची सावली उलटी तरंगत होती, लांब एक होडी होती. काकांनी तिला हाक मारली. होडीतल्या माणसाने हात वर केला. तो कोण होता ते काकांनाही माहीत नव्हतं. ते समाधानाने गाडीत बसले.

इस्पितळात त्यांना चाकांच्या खाटेवरून आत नेताना मी दारापर्यंत गेलो. त्यांनी मला खूण करून वाकायला सांगितलं. मी कान त्यांच्या तोंडाशी नेला. ते म्हणाले, “गाडी सावलेत लाव.” आणि दार बंद झालं.

ऑपरेशन नीट झालं. पाऊस सुरू व्हायच्या आत आम्ही त्यांना घरी आणलं. गळ्याला छोटंसं भोक, त्यावर पांढरं फडकं, मांडीवर शाळेची पाटी नि खडू. पहिले काही दिवस त्यांनी पाटीला हात लावला नाही. नुसते समोरच्या उन्हाकडे बघत बसायचे.

गावाला मात्र एकच जाणून घ्यायचं होतं. एवढा मोठा आवाज, तो जाताना शेवटचं काय बोलला? येणारा प्रत्येक जण मला विचारायचा. मी प्रत्येकाला त्याच्या मापाचं सांगायचो. गुरवाला सांगितलं, गावासाठी गाऱ्हाणं घातलं, आतले डॉक्टर ‘व्हय म्हाराजा’ म्हणाले. सुरमई कापणाऱ्या बाईला सांगितलं, तुझी आठवण काढली, सुरीची नव्हे, तुझी. बागायतवाल्याला सांगितलं, आंब्यावर फवारणी लवकर कर म्हणाले. काका शेजारीच बसलेले असायचे. सगळं ऐकायचे, मान हलवायचे नाहीत. गाडी सावलीत लावायची गोष्ट आम्हा दोघांनाच माहीत होती.

परवा ओढ्यापलीकडचा एक जण आला. बसला, पाणी प्यायला, घसा खाकरला आणि माझ्याकडे वळून त्याने तेच विचारलं. मी तोंड उघडणार तोच खडू वाजला. काका लिहीत होते. सावकाश, खाली मान घालून, एकेक अक्षर खेकड्यासारखं आडवं चालवत. बायको हातातलं काम टाकून दारात येऊन उभी राहिली. काकांनी पाटी वर केली आणि पाहुण्याच्या तोंडासमोर धरली.

‘डॉक्टराक म्हटलंय, आवाज काढ, पण नीट बांधून दी. घराक न्हेतलंय.’

पाहुणा वाचून पाटीकडे बघत राहिला, मग काकांकडे, मग घरात कोपऱ्यात कुठे काही बांधून ठेवलंय का तिकडे. “मगे?” त्याने आवाज खाली आणून विचारलं. “दिल्यान?”

काकांनी पाटी धोतराच्या सोग्याने पुसली आणि पुन्हा लिहायला घेतलं.